देदो म्हणजे बोट

पाहुणी बाई पहाटेपासून पोट धरून बसली आहे आणि काय होतंय ते कुणाला कळत नाही, असं सांगत रुपी उपकेंद्राच्या दारात उभी राहिली, तेव्हा प्रतिक्षा नुकतीच उठली होती. सहा वाजून गेले होते. प्रतिक्षानं केस कसेबसे बांधले, पिशवी खांद्याला लावली आणि रुपीच्या मागोमाग बांधावरून चालायला लागली.

प्रतिक्षा वांगणीच्या बाजूच्या पाड्यांवर दोन वर्षं नर्स होती. पाहुणी होती फेलिसा. पेरू देशातल्या डोंगरांत बटाट्याचे साठ-एक प्रकार लावणारी, पन्नाशी ओलांडलेली शेतकरीण. इथल्या बाया नागलीचं आणि वरईचं जुनं बियाणं कसं राखतात ते बघायला एका संस्थेनं तिला आणलं होतं. रुपी आणि तिचा नवरा बाबल्या यांच्या घरी ती तीन दिवस राहणार होती. तिला इंग्रजी अजिबात येत नव्हतं. स्पॅनिशसुद्धा तिची शाळेत शिकलेली भाषा, घरची बोली वेगळीच. तिच्याबरोबरची दुभाषी मीना आदल्या संध्याकाळी तापानं फणफणली, आणि रक्त तपासायला तिला जव्हारला पाठवलं ते प्रतिक्षानंच. जाताना मीना म्हणाली होती की तुला थोडं स्पॅनिश येतं, एका रात्रीचा तर प्रश्न आहे.

थोडं येत होतं हे खरं. सुट्टीच्या दिवशी जव्हारला प्रतिक्षा ज्यांच्याकडे खोली घेऊन राहायची ते सुदर्शन सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे. झाडांच्या नावांपायी त्यांना लॅटिनची गोडी लागलेली. निवृत्त झाल्यावर ते स्पॅनिश शिकायला बसले, कारण मुलगी स्पेनमध्ये स्थायिक झाली होती आणि सहा वर्षांची नात व्हिडिओ कॉलवर जे बोलायची त्यातलं त्यांना काही कळत नसे. एकट्यानं शिकणं होईना म्हणून त्यांनी प्रतिक्षाला सोबतीला घेतलं. तुला नर्सिंगचे इंग्रजी शब्द पाठ आहेत, म्हणजे अर्धं लॅटिन तुझ्या पोटात आहेच, असं त्यांचं म्हणणं. वहीत तीन रकाने असत. पहिल्यात लॅटिन, दुसऱ्यात त्यातून आलेला इंग्रजी शब्द, तिसऱ्यात स्पॅनिश. मानुस म्हणजे हात. त्यातून मॅन्युअल, त्यातूनच मानो. व्हेन्टर म्हणजे पोट. त्यातून व्हेन्ट्रल, त्यातून व्हिएन्त्रे. दर रविवारी वीस शब्द. वर्षभरात हजारभर झाले. वाक्य मात्र तिला धड जुळवता येत नसे.

गेले दोन रविवार लसीकरणामुळे ती गेलीच नव्हती. सरांनी फोनवर सांगितलं होतं की या वेळी फसवे शब्द घेतलेत, म्हणजे जे इंग्रजीसारखे दिसतात पण अर्थ वेगळाच असतो. ती म्हणाली होती, पुढच्या वेळी उतरवून घेते.

बाबल्याचं घर कारवीच्या कुडाचं. आत अंधार होता. फेलिसा भिंतीला टेकून खाली बसली होती, दोन्ही हात पोटावर, डोळ्यांतून पाणी. समोर बाबल्या उभा होता. प्रतिक्षा तिच्याजवळ बसली आणि काय होतंय ते खुणेनंच विचारलं.

"मे मोलेस्ता," फेलिसा म्हणाली. मग पोटावर हात दाबून, "एल व्हिएन्त्रे. मे मोलेस्ता."

व्हिएन्त्रे प्रतिक्षाला माहीत होता. पोट, आणि बाईच्या बाबतीत गर्भाशयही. दुसरा शब्द वहीत नव्हता. पण त्याची इंग्रजी जोडी, मोलेस्ट, तिनं दर वर्षी प्रशिक्षणात ऐकली होती. बायांवरच्या अत्याचाराच्या फॉर्ममध्ये तो शब्द असायचा. ती बाई रडत होती, पोटाखाली हात धरून होती, आणि हा शब्द दुसऱ्यांदा उच्चारत होती.

"क्येन?" प्रतिक्षानं विचारलं. कोण?

फेलिसाला प्रश्न कळला नसावा. तिनं जड हात उचलून समोर कोपऱ्याकडे दाखवलं. तिथे तिचं अंथरूण होतं. आणि अंथरुणाच्या पुढ्यात बाबल्या उभा होता.

प्रतिक्षाचा आवाज बदलला. तिनं बाबल्याला बाहेर जायला सांगितलं आणि तो गेल्यावर फळकुटाचं दार ओढून आतून कडी घातली. बाबल्याला ती दोन वर्षं ओळखत होती. लसीकरणाच्या दिवशी पेट्या वाहून आणणारा, कमी बोलणारा, चाळिशीतला माणूस. आता कडीच्या पलीकडे त्याच्या पावलांचा आवाज येत होता आणि तिला त्याची भीती वाटत होती. पाड्यात पुरुष दहा-बारा. रस्ता दोन किलोमीटर लांब. फोनला रेंज फक्त वरच्या खडकावर. पोलिसांना कळवायचं तर बाहेर पडून त्याच्याच समोरून जायला हवं.

तिनं रुपीला कोपऱ्यात घेऊन हळू आवाजात रात्री काय झालं ते विचारलं. रुपी गोंधळली. काही नाही झालं, जेवलो, निजलो, एवढंच ती परत परत सांगत राहिली. प्रतिक्षाला वाटलं, नवऱ्यासाठी लपवतेय. तिनं जरा कडक आवाजात पुन्हा विचारलं, तशी रुपी रडायला लागली. खाटेवर झोपलेली त्यांची चार वर्षांची माघी जागी होऊन आईला बिलगली.

यात वीस-पंचवीस मिनिटं गेली. फेलिसाला तपासायला हवं, पण उजेड नव्हता, म्हणून प्रतिक्षानं मागची झडप उघडली. उन्हाची तिरीप थेट फेलिसाच्या तोंडावर पडली. तिनं हातानं डोळे झाकले आणि तोच शब्द पुन्हा म्हणाली.

"मे मोलेस्ता ला लूस."

लूस म्हणजे उजेड. लुक्स, ल्युसिड, लूस. वहीच्या पहिल्याच पानावरचा शब्द. उजेड कुणावर अत्याचार करत नाही. प्रतिक्षा झडपेवर हात तसाच ठेवून उभी राहिली. उजेडाचा तिला त्रास होत होता. पोटाचा त्रास होत होता. एवढंच. बाई पहिल्यापासून एवढंच सांगत होती.

पण लाज वाटून घ्यायलाही सवड मिळाली नाही, कारण उजेडात आता फेलिसाचं तोंड नीट दिसत होतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ती रडत नव्हती. पापण्या अर्ध्यावर येऊन लोंबल्या होत्या. उघडायला ती कपाळाला आठ्या घालून जोर लावत होती तरी त्या वर जात नव्हत्या. तिनं प्रतिक्षाकडे बघितलं, मग प्रतिक्षाच्या बाजूला, जिथे कुणीच नव्हतं.

"वेओ दोब्ले," ती म्हणाली. जीभ जड झाली होती, दारू प्यायलेल्या माणसासारखी.

दोब्ले कळला, डबल. वेओ? प्रतिक्षानं डोळे मिटून रकाना आठवला. विदेरे, बघणे. व्हिडिओ. वेर. वेओ, मी बघते. मला दोन दोन दिसतंय.

पोटात कळ, पापण्या लोंबलेल्या, दोन दोन दिसणं, जड जीभ. हे सगळं एकत्र तिनं एकदाच पाहिलं होतं, शिकत असताना, एका शेतमजूर बाईच्या बाबतीत. ती बाई दुपारपर्यंत गेली होती.

"दोंदे दोर्मिर?" तिनं विचारलं. कुठे झोपणे, एवढंच तिला जुळवता आलं.

फेलिसानं ओठ हलवले. दोन वेळा प्रयत्न केल्यावर शब्द आले. "दोर्मी... एन एल स्वेलो."

दोर्मी म्हणजे झोपले, डॉर्मिटरीतलं. स्वेलो. सोलुम, सॉइल. माती? मातीत झोपली? रात्री बाहेर गेली होती? प्रतिक्षानं गोंधळून खाली पाहिलं. सारवलेली जमीन. तिनं रुपीला विचारलं की पाहुणीला खाटेवर झोपवलं नव्हतं का.

"सांगला होता," रुपी डोळे पुसत म्हणाली. "आयकतच नव्हती. तिनी माघीला खाटवर निजवला न् आपण खाली निजली."

मण्यार रात्री घरात शिरते, उंदरांच्या मागे. खाली झोपलेल्या माणसाच्या अंगावरून जाते. चावली तरी दुखत नाही, सूज येत नाही, पुष्कळदा खूणही दिसत नाही. प्रतिक्षानं फेलिसाचे हात, पाय, मान, कानामागचा भाग, केसांखालची कातडी टॉर्चनं पाहिली. काही सापडलं नाही. डाव्या कोपरावर एक बारीक लाल ठिपका होता. तो डासाचाही असू शकत होता.

पाण्याचा घोट दिला तर तो ओठांच्या कडेनं खाली गळला. "नो प्वेदो त्रागार," फेलिसा म्हणाली. त्रागारला वहीत कुणी नातलग नव्हता, पण हनुवटीवरून ओघळणारं पाणी दिसत होतं. तिला गिळता येत नव्हतं. यानंतर श्वास जातो.

प्रतिक्षानं कडी काढली. बाबल्या अंगणाच्या कडेला, वाटेकडे तोंड करून उभा होता. तिला त्याच्या डोळ्यांत बघवेना. पाहुणीला मण्यार चावली असावी, आत्ताच्या आत्ता डांबरी रस्त्यापर्यंत न्यायला हवं, असं ती त्याच्या खांद्याकडे बघून म्हणाली. तो क्षणभर हलला नाही. मग घरात जाऊन त्यानं घोंगडी आणि बांबू काढला, भावाला हाक मारली, आणि झोळी बांधली.

खडकावरून प्रतिक्षानं जव्हारच्या रुग्णालयाला फोन लावला. डॉक्टरांनी विचारलं, खूण आहे का? ती म्हणाली, नाही. साप पाहिला? नाही. मग कशावरून? तिनं लक्षणं सांगितली. ते म्हणाले, इंजेक्शनं तयार ठेवतो, श्वासाकडे लक्ष दे, लवकर आण. फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं की पहाटेपासून आपण एकदा चुकलोच आहोत. आता दुसऱ्यांदा चुकत असलो तर?

दोघा भावांनी झोळी उचलली. ओढ्यावरची मोरी श्रावणातच वाहून गेली होती, म्हणून गुडघाभर पाण्यातून जावं लागलं. बाबल्या पुढे होता. दगडावर पाय सरकला तेव्हा त्यानं एका हातानं बांबू डोक्याच्या वर उचलून धरला, झोळी भिजू दिली नाही. प्रतिक्षा मागून चालत फेलिसाच्या छातीकडे बघत होती. ती वर होते, खाली होते, वर होते.

खडकावरूनच प्रतिक्षानं जीपवाल्या जिवालाही फोन केला होता, त्याची जीप रस्त्यावर उभी होती. मधल्या सीटवर फेलिसाला आडवं केलं, डोकं प्रतिक्षाच्या मांडीवर. बाबल्या पायांशी बसला. जिवा काही न विचारता सुटला.

फेलिसाच्या पापण्या आता पूर्ण मिटल्या होत्या. बोलणं थांबलं होतं. पण मण्यारीच्या विषानं माणूस बेशुद्ध होत नाही, आत सगळं ऐकत असतो, हे प्रतिक्षाला माहीत होतं. तिनं फेलिसाचा हात धरला आणि शब्द शोधले. मोव्हेरे, मूव्ह, म्वेवे. डिजिटुस, डिजिट, देदो.

"म्वेवे देदो, फेलिसा. देदो."

बोट हललं. तर्जनी, अगदी थोडी. प्रतिक्षाच्या तळव्यावर टेकली आणि सुटली.

मग प्रत्येक वळणावर ती तेच म्हणत राहिली. म्वेवे देदो. बोट हलायचं. रेस्पीरा, श्वास घे. छाती वर यायची. खड्ड्यांतून जीप आदळत होती, उतारावर समोरून एसटी आली तर जिवाला मागे घ्यावं लागलं, आणि त्यात दोन मिनिटं गेली. बाबल्या फेलिसाच्या पावलांवर हात ठेवून बसला होता.

अर्ध्या वाटेवर असताना ती म्हणाली, म्वेवे देदो, आणि बोट हललं नाही.

ती पुन्हा म्हणाली. पुन्हा. मग जोरात, जीपच्या आवाजावर आवाज चढवून. हात तिच्या हातात ओल्या फडक्यासारखा पडून होता. छाती किंचित हलल्यासारखी वाटली आणि थांबली. ओठांचा रंग बदलायला लागला.

पिशवीत तोंडावर दाबून हवा भरायची अंबू बॅग होती. प्रशिक्षणात मिळालेली, कधीच न उघडलेली. वरचं जाड प्लास्टिक प्रतिक्षाच्या नखांनी फाटेना. बाबल्यानं ते तिच्या हातातून घेऊन दातांनी फाडलं. तिनं मास्क फेलिसाच्या नाकातोंडावर बसवला, हनुवटी उचलून धरली आणि पिशवी दाबली. छाती वर आली. सोडली. दाबली. मास्क एका बाजूनं सुटायचा, तेव्हा बाबल्याला तिनं दोन्ही हातांनी तो घट्ट धरायला सांगितलं. त्यानं धरला. त्याची बोटं फेलिसाच्या गालांवर होती आणि तो खाली बघून रडत होता.

आपण मेलेल्या बाईत हवा भरतोय की जिवंत, हे प्रतिक्षाला कळत नव्हतं. बोलणं मात्र तिनं थांबवलं नाही. वाक्यं येत नव्हती म्हणून वहीतले शब्दच म्हणत राहिली, जे आठवतील ते, हात, पाणी, माती, बी, चंद्र, भाकरी. मानो. आग्वा. तिएर्रा. सेमिल्या. लूना. पान. प्रत्येक शब्दाला एकदा पिशवी दाबायची. पस्तीस मिनिटं. जव्हारच्या रुग्णालयाच्या फाटकातून जीप आत शिरली तेव्हा तिचा आवाज पार बसला होता.

डॉक्टरांनी नाडी पाहिली आणि ती आहे म्हणाले. नळी घातली, श्वासाचं यंत्र लावलं, विषावरची इंजेक्शनं सुरू केली. प्रतिक्षा बाहेर बाकावर बसली. तिथे बसल्यावर भीती कमी होईल असं तिला वाटलं होतं, पण ती वाढली. खूण नव्हती. आपण लोंबत्या पापण्या आणि तीन-चार शब्द यांच्या भरवशावर एवढं सगळं केलं होतं. आणि सकाळची पंचवीस मिनिटं तर गेलीच होती.

बातमी कळून सुदर्शन सर आले. तिनं त्यांना सगळं सांगितलं, कडी लावल्याचंसुद्धा. सर तिच्या शेजारी बाकावर बसले. मग म्हणाले की मोलेस्ताच्या मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ फक्त ओझं, त्रास असा आहे, इंग्रजीनं तो पुढे तसा करून टाकला. आणि असंही, की हे माहीत असतं तरी त्या अंधाऱ्या घरात मीही कडी लावलीच असती. प्रतिक्षाला त्यानं बरं वाटलं नाही.

दोन दिवस फेलिसा दगडासारखी पडून होती. तिसऱ्या दिवशी पापणी हलली. पाचव्या दिवशी नळी काढली, आणि सहाव्या दिवशी ती बोलली. ताप उतरलेली मीना शेजारी बसून तिचं बोलणं मराठीत सांगत होती. फेलिसानं प्रतिक्षाचा हात धरला आणि हळूहळू, मध्ये थांबत सांगितलं.

"जीपमध्ये मला सगळं ऐकू येत होतं. तू बोट हलव म्हणत होतीस आणि मी हलवत होते. शेवटपर्यंत हलवत होते. तू ओरडलीस तेव्हा मला कळलं की ते हलत नाहीये. मग एवढीच भीती वाटत होती की तुला वाटेल मी गेले, आणि तू पिशवी दाबायचं थांबवशील. तू शब्द म्हणत होतीस तोवर मला माहीत होतं की अजून थांबली नाहीस."

प्रतिक्षाला जीपमधल्या त्या मिटलेल्या पापण्यांआतला काळोख दिसत होता, आणि आपण किती वेळा थांबायच्या बेतात होतो तेही.

दुसऱ्या दिवशी ती वांगणीला परतली आणि उपकेंद्रात न जाता आधी बाबल्याच्या घरी गेली. घरातलं सगळं सामान अंगणात काढलेलं होतं: कणग्या, टोपल्या, भांडी, लाकूडफाटा. बाबल्या आणि रुपी शेणमातीनं कुडाखालची बिळं बुजवत होते. साप सापडला नव्हता. दोनदा सगळं उपसून पाहिलं तरी नाही. माघी खाटेवर बसून होती. तिला खाली उतरायची मनाई होती.

प्रतिक्षानं आणलेल्या मच्छरदाण्या दिल्या, कडा गादीखाली कशा खोचायच्या ते रुपीला दाखवलं. मग बाबल्याला म्हणाली की त्या सकाळी मला एका शब्दाचा चुकीचा अर्थ लागला होता, आणि माझ्या मनात तुझ्याबद्दल वाईट आलं होतं. कसलं वाईट ते सांगताना तिला शब्द सापडेनात.

बाबल्यानं हातातली माती पाटीत टाकली.

"तू कडी लावलीस तवाच मला समजला, बाय," तो म्हणाला. "परदेशातली बाई माझे घरात रडते, न् शिस्टरनी मला भायेर काढला. ती मेली असती तर माझा कोन आयकनार होता? मी रानात पळून जानार होतो. वाटंवर उबा होतो तो त्यालाच."

"मग गेला का नाहीस?"

"पोरगी आत होती."

त्यानं पुन्हा माती उचलली आणि कुडाच्या बुडाशी दाबायला लागला. प्रतिक्षाला ती वाट आठवली, त्याची पाठ आठवली. कडी निघायच्या पाच मिनिटं आधी तो निघून गेला असता तर झोळीचं पुढचं टोक कुणी धरलं असतं, याचा विचार तिनं मध्येच सोडून दिला.

रुपीनं तिला चहा आणून दिला आणि बस म्हणाली. प्रतिक्षानं जमिनीकडे, न बुजवलेल्या दोन बिळांकडे पाहिलं, आणि उभ्यानंच चहा घेतला.